नसलेली माणसे आईला इतकी स्पष्ट कशी दिसतात?

प्रश्न – सांजवात

माझी आई 78 वर्षांची आहे आणि काचबिंदूमुळे तिच्या दोन्ही डोळ्यांची नजर बरीच गेली आहे. हातभर अंतरावर धरलेली बोटे तिला मोजता येत नाहीत. असे असताना गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला ओटीवर बसल्या बसल्या तिने शांतपणे सांगितले की समोरच्या कट्ट्यावर पाच-सहा बायका बसल्या आहेत, त्यांच्या लुगड्यांचे काठ हिरवे आहेत आणि त्यांतली एकही बोलत नाही. कट्टा रिकामा होता. हे चार महिन्यांपासून चालू आहे, आणि ‘म्हातारीला चळ लागला’ असे आम्ही म्हणू या भीतीने तिने ते मनात ठेवले, हे ऐकून मला फार वाईट वाटले. शेजारच्या काकूंनी अंगारा आणून दिला आहे. तिचे बोलणे, हिशेब, स्मरण सारे ठीक आहे. नजर इतकी अधू झालेली असताना काठाचा रंग दिसतो तो कुठून?

प्रतिसाद – दीपमाळ

हे वर्णन शार्ल बोने सिंड्रोमशी, म्हणजे नजर अधू झाल्यावर नसलेली दृश्ये दिसण्याच्या अवस्थेशी, पुष्कळ जुळते. जिनिव्हाचे निसर्गाभ्यासक शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांची हकिगत लिहून ठेवली. मोतीबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत.

डोळ्यांकडून मेंदूला तयार चित्र मिळते असे आपण धरून चालतो, पण ते खरे नाही. एका डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी असतात, तर डोळ्यामागच्या नसेत तंतू असतात सुमारे दहा-बारा लाख. म्हणजे पोहोचतो तो गोषवारा. त्याचा अर्थ मेंदूच आपल्या पूर्वानुभवाच्या आधारे लावतो. हे स्वतः करून पाहा. डावा डोळा मिटा, दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे शेजारी शेजारी उभे करा आणि डाव्या अंगठ्यावरची नजर न हलवता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या अलीकडेच त्याचे टोक नाहीसे होईल, कारण जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मात्र त्या जागी काळे भोक दिसत नाही, मागची भिंत सलग दिसते. तेवढी भिंत मेंदूने स्वतः भरलेली असते.

काचबिंदूत हेच तंतू मरत जातात. संदेश तुटले की मेंदूचा दृष्टीचा भाग गप्प न बसता आपणहून चेतू लागतो. लंडनमधील डॉमिनिक फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय केले, तेव्हा रंग दिसणाऱ्यांत रंग ओळखणारा भाग आणि चेहरे दिसणाऱ्यांत चेहरे ओळखणारा भाग जागा झालेला आढळला. तुमच्या आईंना दिसणारा हिरवा काठ डोळ्यांतून आत येतच नाही, म्हणून डोळ्यांचा अधूपणा त्याला लागत नाही.

प्रतिसाद – कोयनाकाठ

माझ्या वडिलांना जमिनीवर जाळी पसरलेली दिसे आणि ते ती ओलांडायला पाय उंच उचलत. एकदा त्यात पडलेही. दिवा लावला, किंवा मान स्थिर ठेवून डोळे काही वेळा डावी-उजवीकडे फिरवले, की ती बहुधा विरून जाई. ‘काही नाही तिथे, उगाच बोलू नका’ असे आम्ही म्हणत असू, आणि त्यामुळे ते सांगेनासे झाले, याची मला आजही खंत वाटते.

प्रतिसाद – माजघर

वरचे सारे पटले, तरी घरीच निदान करून थांबू नका. आवाजही ऐकू येणे, त्या बायका खऱ्याच आहेत असा ठाम समज होणे, एकाएकी गोंधळणे किंवा हात थरथरणे यांपैकी काही असेल, तर पार्किन्सन, स्मृतिभ्रंशाचा एखादा प्रकार, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवे औषध अशी कारणे तपासावी लागतात. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या औषधांची यादी न्या.

सांजवात

अंगठ्याचा प्रयोग मी तीनदा केला आणि मग आईजवळ बसून तिला हे सारे सावकाश सांगितले. ती बराच वेळ माझा हात धरून होती. मग तिने विचारले, ‘दुसऱ्यांनाही दिसतं ना असं?’ सोमवारी तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेत आहे, आणि ओटीवरचा दिवा आता दिवस मावळण्यापूर्वीच लावतो.