दुर्लक्षितांच्या यादीतही बेसवाला नाहीच?

खर्जातला:
परवा इथेच एकाने 'हेवी म्युझिक आणि हिप-हॉपमधले दहा दुर्लक्षित कलाकार' अशी यादी टाकली. सहा गिटारवाले, एक गायक, तीन रॅपर. बेसवाला, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, एकही नाही, ड्रमर नाही, डीजे नाही. वर त्याच पोस्टमध्ये ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ओझी ऑस्बर्नबद्दल लिहिलंय, "'वॉर पिग्ज' गाण्यासारखे शब्द लिहिणारा कवी गेला." हे वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा.

२२ जुलै २०२५ला ओझी गेला तेव्हा मीही रडलोय. त्याच्या आवाजाशिवाय ते गाणं उभंच राहत नाही. पण शब्द बँडचा बेसवाला गीझर बटलरचे आहेत हो! बर्मिंगहॅमच्या या ब्लॅक सॅबथच्या जुन्या अल्बममधले बहुतेक शब्द त्याचेच. मूळचा हा गिटारवाला. गिटारिस्ट टोनी आयोमीला बँडमध्ये दुसरी गिटार नको होती म्हणून याने बेस उचलला, आणि बेसच्या तारासुद्धा गिटारवाल्यासारख्या ताणत राहिला. 'एन.आय.बी.' गाण्याच्या आधी तो एकटाच 'वा-वा' पेडल (पायाने दाबून सूर वळवायचं यंत्र) लावून वाजवतो ते ऐका. साल १९७०.

तीच गत रॅपर फाइफ डॉगची. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा त्याचा हिप-हॉप ग्रुप म्हटलं की लोक त्यातल्याच क्यू-टिपचं नाव घेतात. पहिल्या अल्बमवर फाइफ मोजक्याच गाण्यांत आहे, पण १९९१च्या 'द लो एंड थिअरी'त 'बगिन आउट' लावा. आधी नुसता बेस चालत येतो आणि त्याच्या मागोमाग फाइफ. पहिल्या चार ओळींत गाणं त्याचं झालेलं असतं. २२ मार्च २०१६ला मधुमेहाने गेला, वय ४५.

माझ्या लेखी दुर्लक्षित तो, ज्याचं काम सगळे ऐकतात आणि श्रेय शेजारच्याला देतात.

उनाड_ठाणेकर:
साफ चूक. सॅबथ २००६ सालीच रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले, बटलरसकट. जगातल्या कुठल्याही बेसवाल्याला विचारा, पहिल्या पाचात त्याचं नाव घेईल. हा दुर्लक्षित कसला?

दुर्लक्षित बघायचाय तर मुंबईतल्या आरेच्या जंगलात या. स्वदेसी या मुंबईच्या रॅप ग्रुपचं 'वारली रिव्होल्ट' किती जणांनी ऐकलंय इथे? २०१९चं गाणं. एमसी मवाली, सोबत आरेतले प्रकाश भोईर. त्याच वर्षी 'गली बॉय' आला, सगळ्यांना मुंबईचं रॅप सापडलं, आणि कौतुक झालं ते जवळजवळ सगळं हिंदीतल्या रॅपचं. आपल्या भाषेत, आपल्या जंगलावर लिहिणारी पोरं बाजूला राहिली. त्याच स्वदेसीतला एमसी टोडफोड गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२मध्ये गेला, अवघा २४ वर्षांचा. त्याच्यावर इथे एक तरी धागा निघाला का? आणि तुम्ही बर्मिंगहॅमसाठी गळा काढताय.

खर्जातला:
टोडफोडवर धागा निघाला नाही हे खरं आहे, आणि मीही काढला नाही. पण म्हणून बटलरचे शब्द ओझीच्या नावावर खपवायचे का? हॉल ऑफ फेममध्ये नाव आहे हे मान्य. इथल्या पोस्टखाली १४० बदाम आहेत, दुरुस्ती एकानेही केलेली नाही.

जुनी_कॅसेट:
बेसवाल्यांचा विषय निघाला आणि मेटॅलिकाच्या जेसन न्यूस्टेडचं नाव नाही?

मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल', १९८८. मी ती कॅसेट आणली तेव्हा अकरावीत होतो. लावली तर खाली बेस काहीच नाही. वाटलं, डेक बिघडला. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. तरी तेच. मग घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू पिळत बसलो, इतका की नंतर वडिलांच्या अभंगांच्या कॅसेट घोगऱ्या वाजायला लागल्या. मार खाल्ला तो वेगळाच. पुढे सीडी मिळाली, तिच्यातही बेस नाही! आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या पोराला ही वागणूक. सगळं दुःख त्याच्यावर काढलं. याहून दुर्लक्षित माणूस हेवी म्युझिकमध्ये दाखवा.

रेवा_न्यूजर्सी:
ही दंतकथा ऐकून कंटाळा आलाय. न्यूस्टेड त्या अल्बमवर बऱ्याच ठिकाणी गिटारवाल्या हेटफिल्डची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी धून) जशीच्या तशी वाजवतो. गिटारच्याच सुरांवर, पिकने, गिटारच्याच लयीत. गिटारचा खालचा भाग आधीच भरगच्च, वर किक ड्रमचा टक्‌टक् आवाज. बेसला जागाच उरत नाही. लोकांनी घरी बसून बेस वाढवलेल्या आवृत्त्या काढल्यात, त्याही ऐकल्यात मी. चिखल होतो. तो कोरडा, हाडं मोजता येतील असा आवाज हीच त्या अल्बमची ओळख आहे.

जुनी_कॅसेट:
जागा उरत नाही की ठेवली नाही? मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सनने मुलाखतीत सरळ सांगितलंय की त्याने बेस नीट ठेवला होता आणि बँडचा ड्रमर लार्सने तो खाली करायला लावला. ऐकू येईनासा होईपर्यंत, आणि मग आणखी थोडा. ही दंतकथा नाही, त्या खोलीत बसलेल्या माणसाचं म्हणणं आहे. २०१८ला रीमास्टर काढलं तेव्हाही बेस होता तिथेच.

रेवा_न्यूजर्सी:
रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक आधी समजून घ्या, मग बोला. रीमिक्समध्ये वाद्यं नव्याने जुळवतात, रीमास्टरमध्ये तयार मिक्सच पुन्हा उजळतात, आणि तयार मिक्समधून बेस चिमट्याने उचलून वर काढता येत नाही. अकरा वर्षं मिक्सिंग करतेय. तुम्ही आयुष्यात कधी मिक्सिंग डेस्कसमोर बसलात का?

जुनी_कॅसेट:
डेस्कसमोर नाही बसलो, स्पीकरसमोर बसलोय. पस्तीस वर्षांहून जास्त. ऐकणाऱ्याने बोलायचंच नाही असं असेल तर रेकॉर्ड विकता कुणाला?

खर्जातला:
दोघेही जरा दमानं घ्या. मी जे भोगलंय ते सांगतो.

कॉलेजचं गॅदरिंग, २००९. आम्ही चौघं, मी बेसवर. तीन महिने रोज संध्याकाळी गच्चीत तालीम. कार्यक्रमानंतर आईला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "छान झालं रे, पण तू वाजवत होतास ना? तुझं काही ऐकूच आलं नाही." मी उठून मिक्सरपाशी गेलो. प्रत्येक फेडरखाली (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाखाली) पांढरी टेप, त्यावर मार्करने नावं. व्होकल, लीड, ऱ्हिदम, किक. माझ्या फेडरखाली लिहिलं होतं 'एक्स्ट्रा'. फेडर तळाला. साउंडवाल्याला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, बेसने डॉल्बी फाटते."

हाच माणूस विसर्जनाला छाती फुटेल इतका बेस लावतो. आपल्याकडे बेस म्हणजे डॉल्बीची भिंत. तो कुणीतरी बोटांनी वाजवतो हे लोकांच्या गावीच नाही. निदान शास्त्रीय मैफलीत निवेदक पेटीवाल्याचं, तबल्यावर कोण आहे त्याचं, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचंसुद्धा नाव घेतो. आमचं कोण घेणार?

भोंगा:
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितो. मी साउंडवाला. सतरा वर्षं झाली.

गॅदरिंगचा हॉल म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, बाजूला उघड्या भिंती. तिथे बेसचा एक सूर लागला की अख्खा हॉल 'हूं' करून गुंजतो आणि गायकाचा शब्द कळत नाही. त्यात बेसवाला स्टेजवर आपला अँप स्वतःला ऐकू येईल इतका वाढवून ठेवतो. समोर मी काय करणार? कमीच करणार. आणि गायक ऐकू आला नाही तर प्राचार्य मला धरतात, बेसवाल्याला नाही.

दुपारी दोनला गाडी उतरवतो, साउंड चेकला बँड सातला उगवतो, तोवर पाहुणे येऊन बसलेले. रात्री दीडला वायरी गुंडाळताना सोबत कुणी नसतं. कार्यक्रम चांगला झाला तर टाळ्या बँडला, स्पीकरची शिट्टी वाजली की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. दुर्लक्षितांची यादी करताय ना? मग आमचंही लिहा.

रेवा_न्यूजर्सी:
भोंगा यांच्या शब्दाशब्दाला सही.

जुनी_कॅसेट:
आणि मधेच हिप-हॉपचे बीट बनवणारा जे डिला राहिला की!

रेवा_न्यूजर्सी:
डिलाला दुर्लक्षित म्हणणं आता थांबवू या. त्याचं बीट बनवायचं यंत्र, एमपीसी ३०००, अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. ७ फेब्रुवारी २००६ला त्याचा 'डोनट्स' अल्बम आला, तीन दिवसांनी तो गेला. तेव्हा होता दुर्लक्षित. आता नाही.

उनाड_ठाणेकर:
कमाल आहे. मी आरेतल्या माणसांबद्दल लिहिलं, त्यावर सगळ्यांची मिळून दोन ओळींची दखल. १९८८च्या कॅसेटवर मात्र भांडण. हेच तर म्हणत होतो मी. मराठी माणूस मराठी धाग्यावर मराठी रॅपबद्दल बोलायला तयार नाही. एकाने तरी गाणं लावलं का?

खर्जातला:
लावलं. काल रात्री दोनदा, आज बसमध्ये एकदा. तुमचा राग रास्त आहे. मला मवालींचं मराठी आवडलं, कारण ते पुस्तकातलं नाही, आणि प्रकाश भोईर यांचा आवाज आला तिथे मी मागे जाऊन परत ऐकलं. माझ्या यादीत हे गाणं असायला हवं होतं. बटलर मात्र यादीतून काढणार नाही. आणि त्याच्याच शेजारी सॅबथचा ड्रमर बिल वॉर्डही हवा. २०१२ला कराराच्या वादातून तो बँडच्या पुनर्मीलनाबाहेर राहिला, पुढच्या '१३' अल्बमवर ड्रम दुसऱ्याने वाजवले. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात तो परत त्या तिघांसोबत बसला, चार गाणी झाली, आणि सतरा दिवसांनी ओझी गेला. ती चार गाणी हुकली असती तर?

उनाड_ठाणेकर:
वॉर्डचं पटलं. बटलरचं अर्धं. फाइफ ऐकला. 'बगिन आउट' खरंच भारी आहे, हे म्हणायला मला दोन दिवस लागले.

रेवा_न्यूजर्सी:
जुनी_कॅसेट, तुमच्यासाठी. काल स्टुडिओतल्या हेडफोनवर 'ब्लॅकन्ड' परत ऐकलं. त्या अल्बमवर लेखनाचं श्रेय न्यूस्टेडला फक्त याच एका गाण्यासाठी आहे. स्वतः घडवलेल्या गाण्यात माणूस ऐकू येत नाही, हे चूक आहे. बेसला जागा नव्हती, यावर मी ठाम आहे. पण जागा करून देणं हे मिक्स करणाऱ्याचंच काम असतं, तेही मला ठाऊक आहे. डेस्कचं बोलले ते मागे घेते.

जुनी_कॅसेट:
घेतलंत ना मागे, मग संपलं. रीमास्टरबद्दल माझं चुकलं होतं.

भोंगा:
खर्जातला, पुढच्या वेळी स्टेजवरच्या अँपचा आवाज कमीच ठेवा, डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडायच्या डबीतून) मला स्वच्छ लाइन द्या, आणि साउंड चेकला वेळेवर या. समोर बेस मी वर आणतो. शब्द माझा.

खर्जातला:
डिसेंबरात पुण्यात वाजवतोय, तेच चौघं. डेस्कवर याल?

भोंगा:
तारीख कळवा. लग्नसराई आहे, शनिवार-रविवार मिळणार नाही. आईंना पुढच्या रांगेत बसवू नका, मधोमध बसवा. बेस तिथे नीट पोचतो.