पिरॅमिड गुलामांनी बांधले? पुरे आता!

जुनी पाटी: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'पिरॅमिड म्हणजे लाखो गुलामांच्या पाठीवरचे वळ.' किती वर्षं हेच दळण दळायचं? १९९० पासून गिझाला कामगारांच्या कबरी सापडतायत. मातीच्या विटांच्या, लहानशा. आत भाकरी-बिअरची मडकी. काहींची मोडलेली हाडं नीट जुळून आलेली, म्हणजे कुणीतरी ती बसवली होती. गुलामाला राजाच्या शेजारी पुरतात होय? २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मेरेर या मुकादमाची रोजनिशी मिळाली. तुराच्या खाणीतला चुनखडक होडीत भरायचा, गिझाला उतरवायचा, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. लाख माणसांचा आकडा हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचा, आणि तो थोरला पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजानंतर दोन हजार वर्षांनी तिथे गेला!

लालबागकर: साखळी नव्हती एवढंच ना? गावागावातून माणसं उचलायची, भाकरी घालायची, राबवून घ्यायचं. याला मराठीत वेठ म्हणतात साहेब. पाटलाच्या वाड्यावर आमच्या पणजोबांनाही भाकरी मिळायची. आणि राजांच्या कबरी खोदणाऱ्यांनी संप केला, ते बरं विसरलात! तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्य थकलं, तशी माणसं काम टाकून देवळामागे जाऊन बसली.

जुनी पाटी: तो संप दैर अल-मदिना गावचा. राजांच्या खोऱ्यात कबरी कोरणारे पिढीजात कसबी ते. खुफूनंतर चौदाशे वर्षांनी! सातवाहनांचा शेवट आणि शिवजन्म यांत एवढं अंतर आहे. सगळं एकाच टोपलीत कोंबू नका.

लालबागकर: मजुरी थकली की चौदाशे वर्षं काय नि चाळीस काय. १९८२च्या जानेवारीत माझे बाबा डबा न उघडता घरी आले. गिरणीचा बिल्ला अजून आईच्या पत्र्याच्या डब्यात आहे, बटणं आणि रेशनकार्डाखाली. तुम्ही मात्र भाकरी पोचली का एवढंच बघता.

पेजवाली: अहो, पण भाकरी-बिअर म्हणजे पार्टी नव्हे. बरीचशी जाडसर, पोट भरणारी. आमच्याकडे पेज पिऊन भात लावायला उतरतात तसं.

जुनी पाटी: ताई, धन्यवाद. लालबागकर, गिरणीचा धागा वेगळा काढा की! बाबांबद्दल आदर आहे, पण खुफूच्या बाजूने बोलणारा प्रत्येकजण गिरणीमालक नसतो.

लालबागकर: मालकाच्या बाजूने बोलणारे नेहमी असंच म्हणतात. आमच्या चाळीतही एक होते. संप फसल्यावर पेढे वाटले होते त्यांनी.

नॅट्रॉन: कुणाला ममीत रस आहे का? मूळ धागा त्यावरच होता. सत्तर दिवसांचा विधी, देह सुकवायला नॅट्रॉन नावाचा खार, मेंदू नाकातून बाहेर, काळीज मात्र जागच्या जागी. परलोकात त्याचं वजन होणार म्हणून.

लालबागकर: राजाला सत्तर दिवस. मजुराला गुडघे पोटाशी घेऊन वाळूत.

जुनी पाटी: हो, मजुरांची ममी करत नसत. बरं, तुमच्या समाधानासाठी 'गुलाम' खोडून 'वेठ' लिहितो. झालं?

लालबागकर: 'कसबी'सुद्धा ठेवा. पण 'पगारी' लिहिलंत तर परत येतो.

पेजवाली: आणि बिअरच्या जागी पेज!

नॅट्रॉन: काळजाचं काय झालं पण?