मदत हवी आहे : डेव्हनमधील शेतकरी पूर्वज, १८४१ ची जनगणना आणि जळालेली मृत्युपत्रे

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या खापरपणजोबांचा शोध मी गेली दोन वर्षे घेत आहे आणि आता एका जागी येऊन अडकले आहे. इंग्लंडमधील जुनी मृत्युपत्रे आणि जनगणनेचे कागद वाचण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आम्ही न्यूझीलंडच्या तारानाकी भागात राहतो. सासरी कित्येक पिढ्यांचा दुधाचा व्यवसाय आहे. हे खापरपणजोबा 'टिमँड्रा' जहाजाने प्लिमथहून निघून फेब्रुवारी १८४२ मध्ये न्यू प्लिमथला उतरले आणि १८८६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, इथेच वारले. न्यूझीलंडमध्ये त्या काळच्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते जपलेले नाहीत, त्यामुळे इकडे हाती येतो तो मुख्यतः मृत्यूचा दाखला. १८७६ पासून इथल्या दाखल्यात आईवडिलांची नावे, वडिलांचा व्यवसाय आणि जन्मस्थळ लिहीत असत. आमच्या दाखल्यात वडिलांचे नाव आहे, व्यवसाय 'शेतकरी' आहे, जन्मस्थळ म्हणून इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील होल्सवर्दीजवळचे एक लहान पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव, आहे. मात्र आईच्या माहेरच्या आडनावापुढे 'माहीत नाही' असे लिहिले आहे. माहिती देणारा मुलगा तारानाकीतच जन्मलेला होता आणि त्याने इंग्लंड कधी पाहिलेच नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे.

अडचण अशी की त्या पॅरिशमध्ये त्याच नावाचे आणि आडनावाचे दोन बाप आहेत, आणि दोघांच्या बायकांची पहिली नावेही एकच आहेत. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवहीत बापाचा व्यवसाय लिहीत असल्यामुळे दोन्ही मुलगे मला वेगळे दिसतात : १८१९ मध्ये एका शेतमजुराच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि १८२१ मध्ये एका शेतकऱ्याच्या मुलाचा. दोन्ही मुलांना एकच नाव ठेवले आहे. १८८६ मध्ये सहासष्ट हे वय या दोन तारखांच्या बरोबर मध्ये पडते.

६ जून १८४१ च्या जनगणनेचा कागद मी इतक्या वेळा मोठा करून पाहिला आहे की गणनेदाराचे अक्षर आता ओळखीचे झाले आहे. दोन तिरक्या रेघांनी घरे वेगळी केलेली आहेत आणि एका रेघेने त्याच घरातली दुसरी कुटुंबे. वरच्या वाडीत शेतकरी, वय ५५. खाली चर्चजवळच्या झोपडीत मजूर, वय ५०. पंधरा वर्षांवरील माणसांचे वय त्या वर्षी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, म्हणून या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही. आमचा माणूस या दोन्ही घरांत नाही. तो तिसऱ्याच एका शेतावर 'एम. एस.', म्हणजे पुरुष नोकर, म्हणून राहिलेला आहे. वय २०, जन्म याच परगण्यात. तो वीस वर्षांचाही असू शकतो आणि चोवीसचाही. नाते लिहिण्याचा रकाना १८४१ मध्ये नव्हताच. तो १८५१ मध्ये आला, आणि तोवर आमचा माणूस इकडे येऊन नऊ वर्षे झाली होती.

वसाहतीसाठी इंग्लंडहून माणसे आणणाऱ्या न्यूझीलंड कंपनीच्या नोंदवहीत त्याचा व्यवसाय शेतमजूर असा आहे. यावरून तो मजुराचाच मुलगा, असे एकदम म्हणता येईल असे मला वाटत नाही, कारण फुकट प्रवास मजूर आणि कारागिरांनाच मिळत असे आणि अर्ज करताना शेतकऱ्याचा धाकटा मुलगाही स्वतःला मजूर म्हणवून घेणे अगदी शक्य होते.

शेतकरी १८४९ मध्ये वारला. १८५१ च्या जनगणनेत त्याची विधवा कुटुंबप्रमुख म्हणून आहे : '६० एकरांची शेतकरीण, एक मजूर कामाला'. १८६१ मध्ये ती त्याच शेतावर आहे, १८७१ मध्ये नाही. मजूर १८५१ मध्ये जिवंत आहे. शेतकऱ्याने मृत्युपत्र केले असेल आणि त्यात परदेशी गेलेल्या मुलाचा एका ओळीत जरी उल्लेख असेल, तर प्रश्न मिटेल. परंतु १८५८ पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत असत, डेव्हनची ती दप्तरे एक्सेटरला ठेवलेली होती, आणि मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. हे वाचले त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

एक गोष्ट मनापासून सांगते. सासरी परंपरेने 'आपली स्वतःची शेती होती' असे सांगतात. १८३६ च्या कायद्यानंतर टाइदसाठी, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शासाठी, तयार झालेल्या नकाशाच्या तक्त्यात त्या साठ एकरांच्या मालकाच्या रकान्यात भलतेच नाव आहे आणि आमच्या शेतकऱ्याचे नाव कसणाऱ्याच्या रकान्यात. म्हणजे तोही कूळच. माझे आजोबा साताऱ्याकडे कूळ होते आणि कूळकायद्याने कुळे जमिनीची मालक झाली ती १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरी सणासारखी सांगितली जाते, त्यामुळे मला यात काहीच कमीपणा वाटत नाही. तो मजुराचा मुलगा निघाला तरी आम्हाला तितकाच आपला वाटेल. फक्त सासूबाईंचे वय ब्याऐंशी आहे, आणि तो कोणत्या घरातून निघाला हे त्यांना खरे कळावे, अशी माझी इच्छा आहे.

माझे प्रश्न असे. जळालेल्या मृत्युपत्रांच्या नकला कुठे असण्याची शक्यता आहे का? नसल्यास, हे दोन मुलगे वेगळे ओळखण्यासाठी आणखी कोणते कागद पाहावेत?

प्रतिसाद

ताई, आपण कागद फार काळजीपूर्वक वाचले आहेत. सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो : एक्सेटरला आग लागली तेव्हा सगळे गेले नाही. वारसाकराच्या कामासाठी मृत्युपत्रांच्या नकला लंडनच्या कर कार्यालयात जात असत. त्यांपैकी १८१२ ते १८५७ या काळातील डेव्हनच्या नकला टिकल्या आणि पुढे परगण्याच्या अभिलेखागाराकडे सुपूर्द झाल्या. त्या आता एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. १८४९ चा मृत्यू या काळात बरोबर बसतो. नाव, पॅरिश आणि मृत्यूचे वर्ष कळवून त्यांना पत्र लिहा. मुलांना मिळणाऱ्या रकमांवर १८०५ पासून कर होता, म्हणून याच कराच्या नोंदवह्यांतही वारसांची नावे सापडू शकतात. त्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह न्यायालयाची, म्हणजे मृत्युपत्रे सिद्ध करणाऱ्या चर्चच्या वरच्या न्यायालयाची, मृत्युपत्रेही तिथेच आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या विनामूल्य शोधता येते. शेतकरी लहान असला तरी ती सूची पाहिल्याशिवाय सोडू नका.

दुसरे असे की आपण नवऱ्याच्या मृत्युपत्रामागे लागला आहात, पण माझे लक्ष त्या विधवेकडे जाते. विवाहित स्त्रीला त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा मृत्युपत्र करता येत नसे, विधवेला मात्र येत असे. ती १८६१ नंतर वारली. १२ जानेवारी १८५८ पासून प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करण्याचे, काम चर्चकडून सरकारी न्यायालयाकडे आले, प्रत्येक मृत्युपत्राची प्रत मुख्य कार्यालयाकडे जाऊ लागली आणि साऱ्या देशाची एकच वार्षिक छापील सूची निघू लागली. एक्सेटरच्या आगीचा त्या सूचीशी संबंध नाही. १८६१ ते १८७१ ही दहा वर्षे पाहणे एका संध्याकाळचे काम आहे.

मृत्युपत्र वाचताना नात्यांच्या शब्दांबाबत सावध राहा. जुन्या इंग्रजीत 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई असू शकतो, तसाच सावत्र मुलगाही, आणि 'कझिन' हा शब्द दूरच्या कोणत्याही नातेवाइकाला लावत. शिवाय एखाद्या मुलाचे नाव नाही म्हणून तो मुलगाच नव्हता, असे समजू नये. परदेशी जाताना त्याचा वाटा आधीच दिलेला असू शकतो.

तिसरे, डेव्हनमध्ये जमीन तीन आयुष्यांच्या मुदतीने देण्याची पद्धत मोठी होती. करारात तीन माणसांची नावे असत आणि त्यांतले शेवटचे माणूस जिवंत असेपर्यंत खंड चालू राहत असे. मुदत लांबावी म्हणून कूळ आपल्या लहान मुलांची नावे घालत असे आणि बहुधा त्यांची वयेही लिहिलेली असत. टाइद तक्त्यातून जमीनमालकाचे नाव आपल्याला मिळालेच आहे; त्या घराण्याची दप्तरे कुठे आहेत ते पाहा. तिथे १८२१ च्या मुलाचे नाव आणि पुढे 'न्यूझीलंड' असा शेरा मिळाला, तर मृत्युपत्राइतकाच तो भक्कम पुरावा ठरेल.

धागाकर्तीचे उत्तर

आपले फार आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री छापील सूची १८६१ पासून पाहत गेले. १८६४ मध्ये त्या पॅरिशची, त्या नावाची विधवा आहे. मालमत्ता २०० पौंडांच्या आत, आणि मृत्युपत्र सिद्ध करणाऱ्यांत एक मुलगा आहे. त्याचे नाव १८५१ च्या जनगणनेतील त्याच शेतावरच्या थोरल्या मुलाचे आहे, म्हणजे बाई तीच. मृत्युपत्राची प्रत मागवली आहे आणि डेव्हन हेरिटेज सेंटरलाही १८४९ च्या नकलेसाठी लिहिले आहे. सासूबाईंना अजून काही सांगितलेले नाही. प्रत आली की ती इथे ओळीने उतरवून देईन, म्हणजे अक्षर लावताना माझी चूक झाली असेल तर आपल्यापैकी कोणीतरी ती दाखवावी.