उद्याची विंबल्डन सेमी : मी फेडररवाला, तरी मत नदालला

निळी शाई (११ जुलै २०१९)

काल मँचेस्टरला वर्ल्ड कपच्या सेमीत भारताचं जे झालं त्यानंतर क्रिकेटचं नावही काढायचं नाहीये, तेव्हा टेनिसवर बोलू.

२००८ च्या त्या फायनलनंतर फेडरर आणि नदाल विंबल्डनला एकमेकांसमोर आलेच नव्हते. उद्या येतायत, सेंटर कोर्टवर, जोकोविच-बाउटिस्टा अगुट आटोपलं की. ही चाळिसावी गाठ. आतापर्यंत नदाल २४, फेडरर १५.

माझं मत आधीच सांगतो, मग खुशाल शिव्या द्या : नदाल, चार सेटमध्ये. आणि मी २००३ पासूनचा फेडररवाला आहे.

'माती वगळा', म्हणजे क्ले कोर्टवरच्या मॅच मोजू नका, हा आपल्या फेडररवाल्यांचा आवडता हिशोब. नदालचे १४ विजय मातीवरचे, तिथे फेडररचे दोनच. बाकी कोर्टांवर फेडरर १३-१० ने पुढे. हे मी स्वतः कितीजणांच्या तोंडावर फेकलंय! पण ग्रँड स्लॅमपुरतं, म्हणजे चार मोठ्या स्पर्धांपुरतं बघा. नदाल १०, फेडरर ३. त्या दहात मेलबर्नचे (ऑस्ट्रेलियन ओपनचे) तीन आहेत, आणि तिथे काही माती नसते.

खरी गोम ब्रेक पॉइंटची आहे, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकायला एकच पॉइंट लागतो त्या क्षणाची. २००७ ची पॅरिस (फ्रेंच ओपन) फायनल : फेडररला १७ ब्रेक पॉइंट मिळाले, त्यातला एक साधला. २००८ ची विंबल्डन फायनल : १३ पैकी एक. हे निव्वळ दडपण नाही, यात भूमिती आहे. ३०-४० असो, ०-४० असो की ॲडव्हांटेज, सर्व्ह डाव्या चौकोनातून होते. उजवीकडून होते ती फक्त १५-४० ला. डावखुऱ्याची बाहेर वळणारी सर्व्ह त्या डाव्या चौकोनातून थेट फेडररच्या बॅकहँडला जाते, आणि तो ट्रामलाइनच्या, म्हणजे बाजूच्या रेषेच्या, बाहेर फेकला जातो. म्हणजे नदालचं सगळ्यात चांगलं हत्यार त्याला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच हातात येतं. त्यात यंदा त्याने सर्व्हिसची ॲक्शनही बदलली आहे.

हे चुकीचं ठरलं तर मला आनंदच होईल. पण ठरेल असं वाटत नाही.

---

अर्धा व्हॉली

साफ असहमत. १३ पैकी एक साधणारा फेडरर ९० चौरस इंची रॅकेट घेऊन खेळत होता. २०१४ पासून त्याच्या हातात ९७ ची आहे, आणि तो बॅकहँड आता तो राहिलेला नाही. २०१७ ची मेलबर्न फायनल आठव. पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे, आणि तिथून सलग पाच गेम. कसे घेतले? मागे न सरता, चेंडू वर चढायच्या आत बॅकहँडने कोरडा फटका मारून. दहा वर्षं जिथे मार खाल्ला तिथूनच मारलं.

२०१५ च्या बासलपासून २०१७ च्या शांघायपर्यंत सलग पाच वेळा हरवलंय त्याने नदालला. तुझा सगळा हिशोब जुन्या फेडररचा आहे.

आणि उसळीचं काय? मातीवर नदालचा टॉपस्पिन (पुढे फिरत उसळणारा चेंडू) फेडररच्या खांद्याच्या वर जातो. हिरवळीवर तोच चेंडू कंबरेला येतो. उलट फेडररचा स्लाइस (खालून कापलेला फटका) घोट्याजवळ घसरतो, तो उचलून त्याला टॉपस्पिन द्यायचा म्हणजे नदालला जवळजवळ मांडी घालून बसावं लागतं.

---

माती

ते पाचही विजय हार्ड कोर्टवरचे, आणि पाच सेटची मॅच त्यात एकच. पाच आठवड्यांपूर्वी पॅरिसला काय झालं ते सोयीस्कर विसरलात वाटतं? नदाल ६-३, ६-४, ६-२.

---

अर्धा व्हॉली

त्या दिवशीचं वारं बघितलं होतंत का? कोर्टवरची माती उडून डोळ्यांत जात होती. त्या वाऱ्यात चेंडू चढताना घेणं म्हणजे जुगार. ती मॅच उद्यासाठी पुरावा म्हणून चालणार नाही.

---

माती

वारं दोघांनाही होतं.

---

डावखुरा

मी नदालवाला. नाव बघून कळलंच असेल. आणि मला वाटतं उद्या आम्ही हरणार.

ही यादी बघा : २०१२ रोसोल, २०१३ दार्सिस, २०१४ किर्गिओस, २०१५ ब्राउन, २०१७ म्युलर. विंबल्डनला राफाला, म्हणजे नदालला, घरी पाठवणारे. यातले बरेचसे तेव्हा रँकिंगमध्ये शंभरच्या पलीकडचे. यांच्यात समान काय, तर रॅली, म्हणजे फटक्यांची लांब देवाणघेवाण, होऊच द्यायची नाही. राफा रिटर्नला बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) खूप मागे उभा राहतो. मातीवर चालतं, तिथे चेंडू त्याची वाट बघतो. हिरवळीवर उजव्या चौकोनातून बाहेर वळणारी स्लाइस सर्व्ह त्याच्या बॅकहँडला येते, तो बाहेर खेचला जातो, आणि पुढचा चेंडू मोकळ्या अंगणात. ही सर्व्ह जगात सगळ्यात सुंदर कोण करतो ते मी सांगायला नको.

निळी शाई यांनी डाव्या चौकोनाची भूमिती सांगितली, ती बरोबरच आहे. पण ब्रेक पॉइंट यायला आधी सर्व्हिस धोक्यात यावी लागते ना. फेडररची कुठे येतेय? आणि काल निशिकोरीला हरवून त्याने विंबल्डनवरचा शंभरावा विजय मिळवलाय. तो त्या कोर्टचा कोपरान् कोपरा ओळखतो.

---

माती

डावखुरा, तुमच्या यादीतले सगळे पराभव सुरुवातीच्या फेऱ्यांतले आहेत. तेव्हा गवत ताजं असतं, पाय घसरतो, चेंडू सुळकन जातो. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनला टक्कल पडतं, उसळी वाढते, मग राफा वेगळाच असतो.

---

निळी शाई

तुम्ही माझ्या बाजूने बोलताय, तरी दुरुस्ती करतो. किर्गिओस आणि म्युलर चौथ्या फेरीत होते, म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात. टक्कल तेव्हाही पडलेलं होतं.

पण मुद्दा अर्धा तरी टिकतो. यंदा किर्गिओस दुसऱ्याच फेरीत समोर आला आणि राफाने चार सेटमध्ये काढला, त्यातले दोन टायब्रेकवर, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर. मग त्सोंगा, सोसा, क्वेरी, तिघेही सरळ सेटमध्ये. क्वेरीची सर्व्हिस काय साधी आहे का? ७-५, ६-२, ६-२. तेव्हा 'जोरात सर्व्ह केली की राफा गडबडतो' हे यंदा दिसलेलं नाही.

---

जोकोभक्त

मारामारी चालू द्या. रविवारी ट्रॉफी कोण उचलणार ते सगळ्यांना माहीत आहे.

---

अर्धा व्हॉली

बाउटिस्टाने यंदा दोहा आणि मायामी, दोन्हीकडे हरवलंय तुमच्या देवाला. आधी ती मॅच काढा.

---

सरळसोट

मानांकनाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? क्रमवारीत नदाल दुसरा, फेडरर तिसरा. विंबल्डनने स्वतःचं हिरवळीचं सूत्र लावून उलटं केलं. हा काय न्याय?

---

डावखुरा

राफाने स्वतःच नाराजी बोलून दाखवली होती. पण उद्या त्याने काय फरक पडतो? दोन आणि तीन सेमीत भेटले. अदलाबदल झाली नसती तरी तेच झालं असतं.

---

पाचवा सेट

वयाचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. फेडरर पुढच्या महिन्यात ३८ चा होईल, नदाल ३३. गेल्या वर्षी क्वार्टर फायनलला फेडररकडे अँडरसनविरुद्ध दोन सेटची आघाडी, हातात मॅच पॉइंट, आणि पाचव्यात ११-१३. ते मी अजून विसरले नाहीये. नदाल तीन दिवसांनंतर सेमी पाचव्यात ८-१० ने हरला तो जोकोविचशी, आणि शेवटपर्यंत पळत होता.

म्हणून माझं गणित साधं आहे. तिसऱ्या सेटअखेर फेडरर पुढे असेल तर तो जिंकेल. पाचव्यात गेली की नदाल. यंदापासून पाचव्या सेटला १२-१२ वर टायब्रेक आहे, म्हणजे २००८ सारखं ९-७ अजून शक्य आहे, पण १३-११ नाही. हा नियम दोघांपैकी कुणाला मदत करणार असेल तर म्हाताऱ्याला.

---

अर्धा व्हॉली

म्हातारा म्हणू नका हो.

बाकी पटलं. म्हणूनच पहिला सेट महत्त्वाचा. फेडररने तो टायब्रेकवर जरी घेतला तरी पुरे. निशिकोरीविरुद्ध पहिला सेट गमावून परत आला, हॅरिसविरुद्धही. राफासमोर तेवढी उधारी मिळणार नाही.

---

सरळसोट

मला इथे एक गंमत दिसतेय. फेडररवाला म्हणतो नदाल जिंकणार, नदालवाला म्हणतो फेडरर जिंकणार. हे विश्लेषण नाही, दृष्ट लागू नये म्हणून लावलेली तीट आहे!

---

डावखुरा

पकडलंत. 😄

पण स्लाइस सर्व्हची भीती खरी आहे, शप्पथ.

---

निळी शाई

माझ्यात थोडी तीट आहे हे कबूल. २००८ ला मी छातीठोकपणे 'फेडरर, सरळ तीन सेट' म्हणालो होतो. हिरवळीवर सलग ६५ मॅच जिंकून आलेला माणूस, मग दुसरं काय म्हणणार? पहिले दोन सेट गेले तेव्हा टीव्हीसमोरून उठलो. चौथ्याच्या टायब्रेकला, नदालच्या मॅच पॉइंटवर, त्याने बॅकहँड डाउन द लाइन (रेषेलगत सरळ) मारला तेव्हा दारात उभा होतो, आणि मग तिथून हललोच नाही. पुढचा अख्खा सेट, अंधार पडेपर्यंत, दारात उभा राहून. तरीही हरला. त्या फटक्यावर हळहळायचं की जीव ओवाळायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून त्याच्या नावाने भाकीत करत नाही. पण ब्रेक पॉइंटचं म्हणणं मनापासूनचं आहे, ते मागे घेत नाही. नदाल, चार सेट.

---

अर्धा व्हॉली

बरं. मग आता वरचं 'नदाल, चार सेट' उद्या मॅच संपेपर्यंत तसंच राहू दे. हात लावू नकोस त्याला. आणि बघायला बसशील तेव्हा दारात उभा राहून बघ.