थंडीत घरच्या मुक्या जीवाला ऊब कशी दिलीत? अनुभव सांगा

अजिंक्यताऱ्याखाली: आज पहाटे शेजारच्या काकू कोंबडीच्या पिल्लांसाठी जास्तीचा बल्ब मागायला आल्या आणि मिरीचा तो डिसेंबर आठवला. मिरी म्हणजे लेकीची लेपर्ड गेको, काचेच्या पेटीत पाळलेली ठिपक्यांची पाल. साताऱ्याच्या गारठ्यात तिनं खाणं सोडलं, शेपूट बारीक व्हायला लागली (त्यांची चरबी शेपटीतच साठते). हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई आणली. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारं यंत्र) लागेल का विचारलं, तर दुकानात म्हणाले, "कशाला, चालतंय तसंच." मी रोज वरून हात लावून बघायचे, कोमट लागायचं. आठव्या दिवशी पोटावर लाल चट्टा, मग फोड. तिच्या गुहेत थर्मामीटर ठेवला तर ४४ डिग्री! आणि ती तिथंच बसून होती. खूप रडले त्या रात्री.
आता मॅट पेटीच्या काचेला बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागालाच. थर्मोस्टॅट ३२ वर, सेन्सर मॅटवर चिकटवलेला. दुसरं टोक २५च्या आसपास, म्हणजे तिला हवं तिथं जाता येतं.

पोल्ट्रीवाला_तासगाव: पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५, मग दर आठवड्याला ३ डिग्री कमी करायचं. पिल्लं स्वतःच सांगतात बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतीय, कडेला पसरून चोच उघडली तर बल्ब वर घ्या. आणि काकूंना सांगा, बल्ब तारेनं बांधा, नुसता वायरीवर सोडू नका. आमचा भुसा पेटला होता. ४० पिल्लं गेली.

मिरजेची_सून: सासूबाईंना वाचून दाखवलं. अंगावर पाल पडली की आंघोळ करणाऱ्या त्या, पण फोडाचं ऐकून "अगं बाई, बिचारी" म्हणाल्या. बरी आहे ना आता?

अजिंक्यताऱ्याखाली: हो ताई, दीड महिन्यानं भरलं. डाग आहे. काल पाच रातकिडे खाल्ले तिनं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

वाईकर_११वी: रात्री लाल बल्ब चालतो का

विश्रामबाग: नको रे. संध्याकाळी बाहेर पडणारा जीव तो, रात्री अंधारच हवा. सिरॅमिक एमिटर घे, उजेड नसतो, नुसती उष्णता. होल्डर पोर्सेलीनचाच, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळी आणि थर्मोस्टॅट त्यालाही. ते विजेवरचे गरम दगड मात्र फुकट दिले तरी घेऊ नकोस, पोट भाजतं.

कृष्णाकाठ: २०१९च्या पुरात आम्ही वरच्या मजल्यावर, वीज नाही, माशांचा पंप बंद. मुलगा रात्रभर मगानं पाणी वरून ओतत बसला, हवा मिसळावी म्हणून. दोन वाचले. विषय वेगळा आहे, पण राहवलं नाही.

विश्रामबाग: किती वर्षांचा होता तेव्हा?

कृष्णाकाठ: नऊ.

खटाव_माण: आमच्याकडं ठिपक्यांची पाल दिसली की विषारी म्हणून ठेचतात. भारतात एकही पाल विषारी नाही, लोकांना सांगा की हे. आणि रानातली धरून घरी आणू नका.

पाचगणी_टेबललँड: खोलीत कोळशाची शेगडी कुणीच ठेवू नका, जनावरासाठी पण नाही आणि माणसासाठी पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाईकर_११वी: आणि लाईट गेल्यावर?

अजिंक्यताऱ्याखाली: गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवते, वरून गोधडी, हवेला फट ठेवून. तोपर्यंत खायला घालत नाही, गार अंगाला पचत नाही.
तासगावच्या दादा, आत्ताच काकूंच्या बल्बला तार बांधून आले.