मदत हवी आहे: ब्लॅक होलच्या एवढ्या जवळ नवे तारे कसे काय?

मंडळी, जरा मदत करा. भाची नववीत हाय, तिच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलचा, सॅजिटेरियस ए स्टारचा, चार्ट करतोय आणि एका जागी गाडी अडकलीय. वजन सूर्याच्या ४० लाख पट, इथपर्यंत ठीक. पण गॅसचा ढग जवळ गेला की अलीकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडं कमी, त्यामुळं तो मळलेल्या कणकेसारखा ताणून तुटतो, मग आकसून तारा होणार कधी? आणि तरीबी एस२ नावाचा तारा तिथं हायच की, १६ वर्षांत एक फेरी मारतोय गडी, २०१८ ला जवळून गेला तवा स्पीड सेकंदाला ७ हजार किलोमीटरच्या वर, आणि वय दीड कोटी वर्षांच्या आत! आपला सूर्य साडेचारशे कोटींचा.

वाचलं त्यात दोन कारणं दिसली. एक, ब्लॅक होलभोवती फिरणाऱ्या गॅसची चकती इतकी दाट झाली की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं तुकडे पडून तारे झाले. दुसरं, जोडतारा लांबनं आला, ब्लॅक होलनं जोडी फोडली, एक धरून ठेवला, एक भिरकावला. एस२ साठी मला दुसरं पटतंय (नाद खुळा प्रकार हाय राव), जरा लांबच्या चकतीतल्या ताऱ्यांना पहिलं. बरोबर हाय काय?

विद्यापीठात फिजिक्स केलेलं कोण असंल तर सांगा, आणि मराठीत आकृत्या असल्या तर लई भारी. शनिवारी राजारामपुरीत प्रिंट काढायचीय.