मानकुराद आंबे दिल्लीला विमानाने पाठवायचेत: मोपा विमानतळ की दाबोळी? सल्ला हवा

डिचोलीची_बाग
नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ आमची मानकुरादची जुनी बाग आहे. दिल्लीत स्थायिक झालेली काही गोव्याची कुटुंबे यंदा मिळून चाळीस डझन मागताहेत. बॉक्स भरण्याआधीच मला धडकी भरली आहे, कारण गेल्या वर्षीचा अनुभव वाईट होता.

आंबा दुखू नये म्हणून मोठा बॉक्स घेतला, ६० × ४० × ४० सेंटीमीटरचा. चार डझन आंबे, भोवती भरपूर पेंढा. घरच्या काट्यावर ११ किलो भरला, पावतीवर आले १६ किलो. माल दुपारी दिला, तो त्या दिवशी गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीत उघडला तेव्हा खालचा थर काळा पडून पाणी सुटले होते. आईने एकेक आंबा हाताने निवडून भरला होता. तिला फोटो दाखवायचा धीर मला झाला नाही.

मोपाहून पाठवू की दाबोळीहून? पॅकिंग कसे करू? मुळात विमान परवडते का?

वास्कोचा_कार्गोवाला
दादा, वजनात तुमची फसवणूक झालेली नाही. विमानात जागा विकली जाते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात. तुमचे ९६,००० भागिले ६०००, म्हणजे १६ किलो. हे आणि काट्यावरचे वजन यांतले जास्त असेल त्यावर भाडे लागते. तुम्ही पाच किलो पेंढ्याच्या हवेचे पैसे भरलेत. कुरिअरवाले बहुतेक ५००० नेच भागतात, तिथे तर आणखी वाढते.

दोन डझनांचा ४५ × ३० × २५ चा मजबूत पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या. हिशेबाने साडेपाच किलोच्या आसपास बसतो आणि आंब्यांचे खरे वजनही तेवढेच येते. आंबा एका थरात, फार तर दोन थरांत, मध्ये पुठ्ठा. बाजूंना भोके हवीतच. आंबा श्वास घेतो, उष्णता सोडतो. कोंडला की आतल्या आत शिजतो.

आता उशिराचे. गोवा ते दिल्ली उड्डाण साधारण अडीच तासांचे. तुमचा आंबा त्यात खराब झाला नाही, जमिनीवर पडून राहिल्यामुळे झाला. गोव्यातून माल मुख्यतः प्रवासी विमानाच्या पोटात जातो. आधी प्रवाशांच्या बॅगा, मग उरलेल्या जागेत कार्गो. विमान भरलेले असले की माल खाली राहतो, त्याला आम्ही ऑफलोड म्हणतो. एप्रिल-मे म्हणजे सुट्टीचे दिवस, बॅगाच बॅगा. म्हणून तोडणीपासून पुढे मोजू नका, दिल्लीपासून मागे मोजा. घेणारा माणूस कितीला टर्मिनलवर येईल, त्याआधीचे थेट विमान कोणते, त्याचा कटऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, किती वाजता, त्याआधी स्क्रीनिंगला, म्हणजे सुरक्षा तपासणीला, किती वेळ, आणि तिथून मागे येत तुमची तोडणी. मधे विमान बदलणारे बुकिंग नाशवंत मालाला घेऊच नका. बदलाच्या ठिकाणी बॉक्स उन्हात किती वेळ उभा राहील हे कोणी सांगू शकत नाही.

डिचोलीहून मोपा जवळ. दाबोळी नौदलाचा तळ, तिथे नागरी विमानांच्या वेळांवर बंधने आहेत. ५ जानेवारी २०२३ ला मोपा सुरू झाल्यापासून उत्तर गोव्याची सोय झाली. पण शेवटी थेट विमान ज्या वेळेला असेल तोच विमानतळ.

पेडण्याची_माई
बाळा, पेटीच्या आधी झाडाकडे बघ. देठाजवळचे खांदे भरले, पाण्यात टाकल्यावर बुडला, तोच आंबा तोडायचा. बोटभर देठ ठेव. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर उतरतो आणि दोन दिवसांत डाग काळा होतो. सकाळच्या गारव्यात झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढ, देठ खाली करून सावलीत चीक गळू दे. आढी घालून पिकवलेला आंबा विमानात चढवू नको. घट्ट, पण तयार, असा पाठव. तिकडे त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून पिकवायला सांग. मानकुरादची साल पातळ, हापूससारखा मार तो सोसत नाही.

थिवीकर
माझे मत वेगळे. मुंबई-पुण्याचे आंबे मी रात्रीच्या बसने पाठवतो, सकाळी पोचतात, विमानाचा विचारही करत नाही. दिल्लीलासुद्धा मे अखेरीस रेल्वे पार्सल विचारून बघावे. म्हापशाच्या बाजारात हंगामाच्या सुरुवातीला डझनामागे हजारांत बोलतात, पावसाच्या तोंडावर तोच आंबा शेकड्यांत येतो. त्याला विमानाचे भाडे लावून कोण खाणार?

वास्कोचा_कार्गोवाला
थिवीकर, यावर आपले एकमत आहे. जगात वजनाने एक टक्काही माल विमानाने जात नाही, पण किमतीने साधारण एक तृतीयांश व्यापार त्यातून होतो. वेर्ण्याची औषधे विमानाने जातात, वेर्ण्याच्या विटा जाणार नाहीत. हंगामातला पहिला, महागडा मानकुराद त्या औषधांच्या रांगेतला आहे, शेवटचा नाही.

साखळीची_वाचक
मध्येच विचारते. माझी बहीण लंडनला असते, तिला याच पद्धतीने पाठवता येतील का?

वास्कोचा_कार्गोवाला
नाही ताई, परदेशाची वाट वेगळी. वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, शिवाय देशागणिक प्रक्रिया. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला होता, तो २०१५ मध्ये सुरू झाला. अमेरिकेला २००७ पासून विकिरण करूनच जातो. निर्यातदारामार्फतच करा.

डिचोलीची_बाग
सगळ्यांचे मनापासून आभार. माई, चीक गाळायचे आम्ही घाईत सोडून दिले होते, आईला आजच वाचून दाखवले. आता ठरवले आहे की चाळीस डझन एकदम नको. आधी दहा डझन, पाच छोट्या बॉक्समध्ये, थेट विमानाने. उरलेले त्यांचा निरोप आल्यावर. पाठवताना आणखी काही पाहायचे असेल तर सांगा.

वास्कोचा_कार्गोवाला
प्रत्येक बॉक्सवर नाशवंत मालाचा स्टिकर दोन बाजूंना. घेणाऱ्याचे दोन मोबाइल नंबर, कारण पहिला फोन उचलला नाही की माल पडून राहतो आणि वर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे जादा भाडे, लागते. एअरवे बिलाचा (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा) ११ आकडी क्रमांक मिळाला की लगेच त्याचा फोटो दिल्लीला पाठवा. आणि विमान उडाल्यावर एजंटाला फोन करून एवढेच विचारा: पाचही बॉक्स चढले का?